धर्माच्या रकान्यात ‘मराठी’

मॉरिशसच्या जनगणनेचे तक्ते चाळताना मराठी वाचक एका ओळीपाशी हमखास थबकतो. शीर्षक आहे ‘धर्म’. त्याखाली हिंदू, रोमन कॅथलिक, इस्लाम या अपेक्षित नोंदी आहेत, आणि त्यांच्याच रांगेत तमिळ, तेलुगू आणि मराठी अशाही नोंदी आहेत. म्हणजे काही हजार माणसांनी सरकारी कागदावर लिहून दिले आहे की आमचा धर्म मराठी. आपली पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोकण सोडून गेलेल्यांच्या पणतवंडांना भाषा आणि धर्म यांतला फरक कळेनासा झाला, असे वाटते. पण तसे मुळीच नाही. ही माणसे गणपती बसवतात, सत्यनारायण घालतात. आपण हिंदू आहोत हे त्यांना पुरते ठाऊक आहे. त्यांनी जे लिहिले आहे ते अज्ञानातून नव्हे, हिशेबातून. तो हिशेब समजायचा तर स्वतंत्र मॉरिशसने पन्नासहून अधिक वर्षे राजकारण कसे केले ते पाहावे लागते.

हा विषय चंद्रपुरात बसून लिहावासा वाटला याला कारण आहे. मॉरिशस क्षेत्रफळाने दोन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. आमच्या शेजारच्या एकट्या गडचिरोली जिल्ह्यात तसे सात देश बसतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात, गडचिरोलीपेक्षा थोडी जास्त. पण कारण आकाराचे नाही, रकान्यांचे आहे. कोणत्या यादीत आपले नाव कसे लिहिले गेले यावर घरादाराचे भवितव्य ठरते, हे या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गडचिरोलीत जिल्हास्तरीय नोकरभरतीतले इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा एका पिढीचे आयुष्य त्या आकड्याभोवती फिरले. ‘गोंड गोवारी’ या दोन शब्दांत एक जमात आहे की दोन, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. दोन शब्दांमधल्या जागेची ही किंमत आहे.

आणि एक योगायोग. मॉरिशसला गेलेल्या पहिल्या करारबद्ध मजुरांची तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून पोर्ट लुई बंदरात उतरली. छत्तीस माणसे, छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातली. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांना ‘धांगर’ म्हटले आहे. हा आपल्याकडच्या मेंढपाळ धनगरांचा उल्लेख नव्हे. उरावांसारख्या डोंगरी आदिवासींना कलकत्त्याकडे ते नाव होते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरान, धनगड’ अशी जी नोंद आहे आणि तीतल्या ‘ड’चा ‘र’ वाचायचा की नाही यावरून जो वाद आहे (फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगरांचा दावा फेटाळला), त्या शब्दाचा एक धागा असा थेट हिंदी महासागरातल्या उसाच्या मळ्यापर्यंत जातो.

बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. डच आले, डोडो पक्षी संपवून गेले. १७१५ पासून फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली तेव्हा ब्रिटिश सरकारने सुमारे वीस लाख पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना काही नाही. मळ्यांना हात हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून मजूर आले, पुढल्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास. बहुसंख्य बिहार आणि पूर्वेकडच्या भोजपुरी मुलखातले, त्याखालोखाल मद्रासकडून तमिळ व तेलुगू. मुंबईहून गेलेले दहांतले एकही भरत नाहीत. ते मुख्यतः कोकणातले. त्यांची वस्ती बेटाच्या पश्चिमेला, ब्लॅक रिव्हर भागात, कास्कावेल गावाच्या आसपास दाट झाली. त्यांच्यासोबत गेलेली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून आजही गणपतीपुढे गायली जाते. बोलायची भाषा मात्र बाकी साऱ्या बेटाप्रमाणे क्रिओल झाली.

ही मजुरांची प्रजा मतदार कशी झाली, ते थोडक्यात पाहू. १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना बेटावर तीनेक आठवडे थांबले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर वकिली करायला गेले. १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये आणि पुन्हा १९४३ मध्ये मळ्यांतले संप गोळीबाराने मोडले गेले. १९४३ च्या बळींत अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. खरी कलाटणी १९४८ च्या राज्यघटनेने दिली. बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता आले की मत, असा नियम झाला. बासदेव बिसनदयाळ यांच्या ‘जन आंदोलना’ने गावोगावच्या बैठकांत मजुरांना अक्षरे गिरवायला शिकवली, आणि मतदारांची संख्या बारा हजारांच्या आसपास होती ती एकदम सत्तर हजारांच्या पुढे गेली. कायद्याने ठेवलेली अट लोकांनी शाळा काढून पार केली, असे उदाहरण वसाहतींच्या इतिहासात सहसा सापडत नाही. १९५९ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला आणि मजूर पक्षाचे डॉ. शिवसागर रामगुलाम बेटाचे नेते ठरले.

इथून पुढे मात्र गोष्ट अवघड होते. हिंदू मतदार निम्म्याहून अधिक. स्वातंत्र्य म्हणजे हिंदूंचे राज्य, ही भीती बाकीच्यांत पसरली, आणि गाएतां दुवाल या तडफदार नेत्याच्या पीएमएसडी पक्षाने तिला आवाज दिला. मुसलमानांनाही स्वतःच्या जागांची चिंता होती. बॅनवेल आयोगाने १९६६ मध्ये निवडणूक पद्धत सुचवली, ती मजूर पक्षाला पटली नाही, आणि शेवटी तडजोडीने जे ठरले ते असे: वीस मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा, रॉड्रिग्ज बेटाच्या दोन, एकूण बासष्ट निवडून आलेले सदस्य. त्यांशिवाय आणखी आठ, आणि हे आठ हरलेल्या उमेदवारांतून. त्यांना ‘बेस्ट लूझर’ म्हणतात.

ही काय भानगड आहे ते नीट पाहण्यासारखे आहे. राज्यघटनेच्या परिशिष्टात देशाचे चार समाज सांगितले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. प्रत्येक उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचा. निकाल लागला की आयोग प्रत्येक समाजाची लोकसंख्या घेतो आणि तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या सदस्यसंख्येत एक मिळवून भागतो. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो समाज सर्वांत उपेक्षित. त्या समाजाचा जो उमेदवार सर्वांत चांगली मते घेऊन हरला असेल त्याला जागा. पहिल्या चार जागा अशा, कोणत्याही पक्षाच्या. पुढल्या चार पक्षांचे बलाबल बिघडू नये अशा बेताने. आपल्याकडे राखीव मतदारसंघात जागा आधी राखतात आणि निवडणूक मग होते. तिथे निवडणूक आधी होते आणि तोल मागून सावरला जातो. कल्पना वाईट नाही. स्वतंत्र मतदारसंघांच्या विषापासून तिने देशाला वाचवले, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

पण चौथा रकाना पाहा. ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ म्हणजे कोण? घटना सांगते: आपल्या राहणीवरून जो उरलेल्या तिन्हींत बसत नाही तो. म्हणजे गुलामांचे वंशज क्रिओल, आणि त्या गुलामांचे मालक असलेल्या फ्रेंच साखर घराण्यांचे वंशजही. ज्याच्या पणज्याला साखळदंडात आणले आणि ज्याच्या पणज्याने त्याबद्दल भरपाई घेतली, ते दोघे घटनेच्या दृष्टीने एकच समाज. जागा मिळाल्या तर दोघांच्या मिळून. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटले, तेव्हा या रकान्यात तीस वर्षे काय साचले होते ते दिसले.

दुसऱ्या टोकाला पहिला रकाना, ‘हिंदू’. त्यात भोजपुरी मुलखातले उत्तर हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू आणि मराठी, सगळे. मराठी माणसे देशात दोन टक्क्यांच्या आत-बाहेर. घटनेपुरते त्यांना अस्तित्वच नाही. मराठी उमेदवार हरला तर ‘उपेक्षित समाज’ म्हणून त्याला जागा मिळण्याची शक्यता फार कमी, कारण हिंदू सहसा उपेक्षित नसतात. मग करायचे काय? पक्षांकडे जायचे आणि सांगायचे की आम्ही वेगळे आहोत, आमची मते मोजा. उमेदवारी देताना, मंत्रिमंडळ बनवताना पक्षही मग मोजू लागले: एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी. कायद्यात नसलेला हा रिवाज कायद्यापेक्षा पक्का झाला. सरकार धार्मिक-सांस्कृतिक महासंघांना अनुदान देते, शाळेत पूर्वजांची भाषा शिकवते, दूरचित्रवाणीवर त्या त्या भाषेला वेळ देते. या प्रत्येक ठिकाणी आपण किती, हा आकडा हाताशी असावा लागतो.

आता स्वातंत्र्याकडे. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना सुमारे ५५ टक्के आणि विरोधकांना ४४ टक्के मते पडली. जवळजवळ निम्म्या देशाला स्वातंत्र्य नको होते, हे आपल्या लक्षात राहत नाही. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल उसळली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. दोनच महिन्यांनी, दांडीयात्रेचा दिवस साधून, १२ मार्च १९६८ रोजी झेंडा बदलला. अनेक गोरी आणि क्रिओल कुटुंबे ऑस्ट्रेलियाची वाट धरती झाली.

या स्वातंत्र्याची किंमत तीन वर्षे आधीच ठरली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या परिषदेच्या वेळी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलामांना एकट्याला भेटीस बोलावले. अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता. चागोस द्वीपसमूह सोडलात तर स्वातंत्र्य सुरळीत मिळेल, नाही तर सांगता येत नाही, असा एकूण सूर होता. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडले गेले. मोबदला तीस लाख पौंड. तिथे दीड-दोन हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांत राहत होती. संयुक्त राष्ट्रांत अडचण येऊ नये म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ठरवले की बेटांवर कायम रहिवासी असे कोणीच नाहीत, जे आहेत ते तात्पुरते कंत्राटी कामगार. एका ओळीत समाज शून्य झाला. १९७३ पर्यंत सगळ्यांना जहाजांत घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवले गेले. निघण्याआधी त्यांची कुत्री कोंडून मारण्यात आली.

इथे मला मेंढा-लेखा आठवते. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे सरकारी नोंदीत ‘अतिक्रमणदार’ होती. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या या गावाला १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तो शब्द तिथल्यापुरता पुसला. दोन्हींत तुलना ताणू नये. गडचिरोलीच्या गावांना जहाजात घातले नव्हते. पण शब्दाचे काम दोन्हीकडे तेच होते. चागोसवासीयांना मॉरिशसमध्येही सुख लागले नाही. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत ते क्रिओलांहूनही खालचे ठरले, आणि ज्या सरकारने त्यांची बेटे दिली होती त्याच सरकारच्या दारात भरपाईसाठी उभे राहिले. रामगुलामांना दोष द्यावा का? माझे मत असे की त्यांना फारसा पर्याय नव्हता, पण त्या बेटांवर माणसे आहेत हे त्यांनी तेव्हा मोठ्याने म्हटले असते तर बरे झाले असते.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले दशक आता भारतातल्याच एखाद्या कथेसारखे वाटते. १९६९ मध्ये रामगुलामांनी कालपर्यंतच्या शत्रूशी, दुवालांशी, हातमिळवणी केली आणि निवडणुका १९७६ पर्यंत पुढे ढकलल्या. त्याच वर्षी पॉल बेरांजे आणि त्यांच्या तरुण मित्रांनी एमएमएम हा लढाऊ डावा पक्ष काढला. समाज नव्हे, वर्ग, ही त्यांची घोषणा. गोदी कामगारांचे संप झाले, डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी आली, बेरांजे जवळजवळ वर्षभर तुरुंगात गेले. १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मतदानाचे वय अठरा झाले. १९७६ मध्ये एमएमएमला सर्वाधिक चौतीस जागा मिळाल्या, तरी सत्ता मजूर पक्ष आणि दुवाल यांनी मिळून राखली.

मग १९८२ आले. (आमच्याकडे त्याच वर्षी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.) अनिरुद्ध जगन्नाथ आणि बेरांजे यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा जिंकल्या. विरोधी बाकांवर बसायला जी थोडी माणसे मिळाली ती बेस्ट लूझरच्या तजविजीमुळेच. समाजगणनेचा तिटकारा असलेल्या या सरकारने जनगणनेतला ‘समाज’ हा प्रश्नच काढून टाकला. हेतू स्वच्छ होता: राज्याने माणसाला हे विचारूच नये. पण बेस्ट लूझरची पद्धत रद्द करायला हात धजला नाही. मग तिचा हिशेब कशावर करायचा? घटनादुरुस्ती झाली: १९७२ च्या गणनेवर, कायमचा.

विचारायचे बंद केले म्हणून मोजायचे बंद झाले नाही. ‘समाज’ हा रकाना मिटला, तसा सगळा दाब ‘धर्म’ आणि ‘भाषा’ या उरलेल्या रकान्यांवर आला. महासंघांनी आपापल्या लोकांना सांगितले की अमुक लिहा. घरी क्रिओल बोलणाऱ्यांनी पूर्वजांची भाषा म्हणून तमिळ लिहिली, तेलुगू लिहिली. धर्म म्हणूनही तेच लिहिले. नुसते ‘हिंदू’ लिहिले तर भोजपुरी बहुसंख्येत विरघळून जाणार हे मराठी माणसालाही दिसत होते. धर्माच्या रकान्यात ‘मराठी’ आले ते या वाटेने. ज्या सरकारला जातगणती संपवायची होती त्याच्याच निर्णयातून ती अधिक बारीक झाली.

हे वेड किती खोल आहे ते १९९८ मध्ये दिसले. मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजीखाली तमिळ आणि मग हिंदी, असा क्रम होता. नव्या नोटांवर हिंदी वर गेली आणि तमिळ खाली. तमिळ समाज खवळला, नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांचे पद गेले. मराठी त्या नोटांवर नाहीच, त्यामुळे मराठी माणूस त्या भांडणात प्रेक्षक होता. त्याच्या वाट्याला आले ते वेगळे: गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुटी, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण, आणि २०२३ मध्ये उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा. हे थोडे नाही. पण हे सगळे ‘वेगळे’ मोजले जाण्याच्या बदल्यात मिळालेले आहे, आणि ते टिकवायला प्रत्येक गणनेत पुन्हा वेगळे व्हावे लागते.

जेम्स मीड या पुढे नोबेल मिळवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकारंभी या बेटाचे भवितव्य काळे रंगवले होते: माणसे फार, साखरेखेरीज काही नाही. ते चुकले. साखरेला युरोपची हमी, कापडाचे कारखाने, पर्यटन, बँका यांनी देश सुधारला. १९९२ मध्ये तो प्रजासत्ताक झाला. निवडणुका वेळेवर होतात, हरलेला पंतप्रधान घरी जातो. पंतप्रधानपद मात्र पाच माणसांपलीकडे गेलेले नाही: रामगुलाम पिता-पुत्र, जगन्नाथ पिता-पुत्र आणि मध्ये २००३ ते २००५ बेरांजे. हिंदू नसलेले ते एकमेव, आणि तेही अनिरुद्ध जगन्नाथांशी झालेल्या कराराने. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलामांच्या आघाडीने पुन्हा साठपैकी साठ जागा घेतल्या. १९८२ आणि १९९५ नंतरची ही तिसरी वेळ.

चागोसचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने मत दिले की बेटे तोडणे बेकायदा होते. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ असा ठराव झाला. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही केली. दिएगो गार्सियाचा तळ मात्र नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहणार. वाटाघाटींच्या मेजावर दोन सरकारे होती. चागोसवासीयांना तिथे खुर्ची नव्हती, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली.

भारतात लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या गणनेवर गोठलेल्या आहेत, आणि इतर मागासवर्गीयांसाठी मंडल आयोगाला १९३१ च्या जातगणनेचा आधार घ्यावा लागला होता. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पुढल्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मॉरिशसने उलट्या दिशेने केलेला प्रयोग आज आपल्याला अधिक जवळचा आहे. तिथे काही तरुण कार्यकर्त्यांनी २००५ पासून अर्जात समाज लिहायचे नाकारले. त्यांचे अर्ज बाद झाले. ते न्यायालयात गेले, तिथून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले: चाळीस वर्षांपूर्वीच्या गणनेसाठी आजच्या माणसाला समाज जाहीर करायला लावणे समर्थनीय नाही. त्यावर सरकारने २०१४ च्या एका निवडणुकीपुरती सूट दिली आणि नंतर ती संपली. १९७२ मध्ये पाळण्यात असलेल्या मुलाने आज पन्नाशी ओलांडली आहे. ते उमेदवारी अर्ज भरायला गेले, तर चारांपैकी एका नावासमोर त्याला खूण करावी लागते.